तीनशे शब्दांचा निबंध ही शिक्षा नव्हती, आणि जन्मठेप म्हणजे १४ वर्षं नाही

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेचा अपघात झाला, दोन तरुण इंजिनियरचा जीव गेला, आणि गाडी चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा काही तासांत जामिनावर बाहेर, अट काय तर अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिही, पंधरा दिवस ट्रॅफिक पोलिसांबरोबर काम कर, समुपदेशन घे. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. मीम्सचा पूर आला, पुण्यात लोकांनी रस्त्यावर निबंध स्पर्धा भरवली, आणि तेव्हापासून गुन्हेगाराला सुधारायची भाषा कोणी काढली रे काढली की समोरून उत्तर तयार असतं, 'हो का, मग द्या निबंध लिहायला.'

राग चुकीचा नव्हताच. पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट कोणी धड सांगितली नाही की ती शिक्षा नव्हतीच, ती जामिनाची अट होती. खटला सुरूही झाला नव्हता. जामीन म्हणजे 'केस चालेपर्यंत तू बाहेर रहा, पण या या अटींवर', एवढंच. आता ती अट मूर्खपणाची वाटली, दोन जीव गेल्यावर तर संतापजनक वाटली, हे मान्य, पण तिच्यावरून 'सुधारणावाद्यांनी मुलाला निबंधावर सोडला' असा निष्कर्ष काढणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरणं झालं. नंतर बालन्याय मंडळाने (अल्पवयीनांच्या केसेस तिथे चालतात) तो आदेश बदलला, मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, मग हायकोर्टाने जूनमध्ये त्याला तिथून सोडायला सांगितलं, आणि त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवा ही पोलिसांची मागणी मंडळाने २०२५ मध्ये फेटाळली. प्रत्येक वळणावर पुन्हा तोच वाद, शिक्षा की सुधारणा. म्हटलं एकदा नीट उलगडून लिहावं, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात (माझ्याही बराच काळ होतं) शिक्षा म्हणजे आत टाकणं आणि सुधारणा म्हणजे सोडून देणं, असं गणित बसलेलं असतं.

आधी मुळातून बघू. राज्य एखाद्याला शिक्षा देतं ती कशासाठी? एक कारण सरळ आहे, केलंय तर भोगायला पाहिजे. दुसरं, बाकीच्यांना धाक बसावा. तिसरं, हा माणूस आत असेपर्यंत तरी बाहेर उपद्व्याप करणार नाही. चौथं, बाहेर येताना तो बदलून यावा. आणि पाचवं, ज्याचं नुकसान झालं त्याला काही भरपाई मिळावी, हे मात्र आपल्याकडे कायम शेवटी येतं, त्यावर पुढे बोलतो. मजा अशी की कोर्ट एक वाक्य लिहितं, 'सात वर्षं सक्तमजुरी', आणि त्या एका वाक्याकडून आपण ही पाचही कामं एकदम मागतो. ती एकमेकांना आडवी जातात. धाक बसवायचा तर जेल भयंकर पाहिजे, सुधारायचं तर तिथे काम, शिक्षण, घरच्यांशी संबंध पाहिजेत. दोन्ही एकाच बराकीत कसं होणार?

धाकाबद्दल एक गोष्ट अडीचशेहून जास्त वर्षांपासून लोक सांगतायत. इटलीतला कायद्याचा विचारवंत बेक्कारिया, त्याने १७६४ मध्येच लिहून ठेवलं की शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती होणारच याची खात्री असेल तर माणूस बिचकतो. नंतरचं संशोधनही साधारण त्याच बाजूला जातं. हे आपल्यालाही आतून माहीत असतंच की. सिग्नल तोडताना आपण दंड किती आहे ते बघत नाही, कोपऱ्यावर मामा उभा आहे का ते बघतो. म्हणून प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर 'फाशीची तरतूद करा' अशी मागणी होते तेव्हा मला वाटतं की तपास नीट करणारा अधिकारी, वेळेत येणारा फॉरेन्सिक रिपोर्ट आणि तारखांवर तारखा न पडणारं कोर्ट मागितलं तर धाक जास्त बसेल. पण ती मागणी मोर्चात शोभत नाही.

आता जेलच्या आत बघू, कारण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) तिथे आहे. २०२२ अखेरचे एनसीआरबीचे, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाचे, आकडे घ्या. देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांच्या आसपास माणसं होती आणि त्यातली जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, केस चालू आहे, जामीन मिळाला नाही, किंवा मिळाला पण जामीनदार नाही. म्हणजे चारातल्या तिघांबाबत 'शिक्षा की सुधारणा' हा प्रश्नच लागू होत नाही, कारण ते अजून गुन्हेगार ठरलेलेच नाहीत. जागेपेक्षा माणसं तीसेक टक्क्यांनी जास्त, तेही देशाच्या सरासरीत. आर्थर रोड, ठाणे, कल्याणचं आधारवाडी, इथल्या गर्दीच्या बातम्या आपण वाचतोच, आळीपाळीने झोपण्यापर्यंत गोष्ट जाते.

आणि इथे खरी मेख आहे. जेलमधल्या सुधारणेच्या ज्या ज्या गोष्टी आपण ऐकतो, कारखान्यातलं काम, फर्लो (म्हणजे रजेवर घरी जाणं), माफीचे दिवस (चांगल्या वागणुकीसाठी शिक्षेतून कमी होणारे), ओपन जेल, त्यातल्या बहुतेक पक्क्या कैद्यांसाठी आहेत, म्हणजे शिक्षा लागलेल्यांसाठी. कच्चा कैदी नुसता बसून असतो. तारीख आली की गाडी, नाहीतर व्हिडिओ कॉन्फरन्स, परत बराक. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा मोबाईल चोरीत आत जातो आणि वर्षभर अशा लोकांबरोबर राहतो जे त्याला बाकी काही नाही तरी धंद्याचं शिक्षण फुकट देतात. पुढे तो निर्दोष सुटला तरी ते वर्ष गेलं, आणि ओळखी झाल्या त्या झाल्या. नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायची तरतूद आलीये, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. तरतूद चांगली आहे, पण एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर तिचा फायदा मिळत नाही आणि गरीब पोरांवर बऱ्याचदा एकाला जोडून दुसरी केस असतेच.

शिक्षा लागली, पक्का कैदी झाला, मग काय? इथे सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढून टाकू. जन्मठेप म्हणजे १४ वर्षं नाही. २० पण नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. सुप्रीम कोर्टाने हे १९६१ मध्येच सांगितलंय आणि ते प्रकरणही महाराष्ट्रातलंच, गांधीहत्येच्या खटल्यातले गोपाळ गोडसे यांनी आपली शिक्षा माफीचे दिवस धरून संपली असा दावा केला होता, कोर्ट म्हणालं की तसं आपोआप संपत नाही, सरकारने उरलेली शिक्षा माफ केली तरच सुटका. मग १४ आलं कुठून? ते आलं उलट्या बाजूने. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल तर किमान १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारने सोडायचं नाही, असं कायदा म्हणतो. म्हणजे १४ ही खालची मर्यादा आहे आणि लोकांनी तिला वरची करून टाकली.

तरी यातला महत्त्वाचा मुद्दा असा की मरेपर्यंत आत राहणारे फार थोडे. बाकीचे सगळे कधी ना कधी बाहेर येतात. तुमच्या-माझ्याच गावात येतात, त्याच गल्लीत, त्याच एसटीत. माझ्या दृष्टीने या सगळ्या वादातली कामाची गोष्ट हीच आहे, तो कसा आत गेला यावर आपण महिनाभर टीव्ही बघतो आणि कसा बाहेर आला हे कोणी बघतच नाही.

आणि हे बघणारे लोक आपल्याकडे होते बरं का. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानात हा प्रयोग सुरू झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, आणि त्यांच्याकडे आलेले एक पोलिश इंजिनियर, मॉरिस फ्रीडमन, जे गांधीजींच्या संपर्कात येऊन भारतानंद झाले होते. कल्पना काय, तर शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंती नसलेल्या माळावर ठेवायचं, बेड्या नाहीत, शेती करायची, राबायचं, आणि बायकापोरांसकट तिथेच राहायचं. आटपाडीचा तो भाग म्हणजे माणदेश, पाऊस नावाला, जमीन खडकाळ. तिथे खुनाची शिक्षा झालेल्या माणसांना कुदळ देऊन मोकळं सोडायचं म्हणजे १९३९ मध्ये लोकांनी काय काय बोललं असेल विचार करा. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' हा याच प्रयोगावरून सुचलेला, आणि त्याची कथा लिहिणारे गदिमा त्याच आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे. सिनेमा सगळ्यांना माहीत, त्याला बर्लिनमध्ये पारितोषिक मिळालं तेही माहीत, पण ती जागा खरी आहे आणि अजून चालू आहे हे विचारलं तर दहातल्या आठांना माहीत नसतं.

सिनेमात जेलरच्या डोळ्यांचा धाक आणि माया, असं सगळं एका माणसावर उभं आहे. खऱ्या वसाहतीतली युक्ती मात्र जास्त रोखठोक आहे. ज्याचं कुटुंब त्याच्याबरोबर राहतं, ज्याने पेरलेलं अजून उगवायचंय, तो पळून कुठे जाणार? पळाला तर परत बंद जेल, वर नवीन केस. म्हणजे नुसता विश्वास नाही, गमवायला काहीतरी हातात देणं. बंद जेलमधल्या माणसाकडे गमवायला काहीच नसतं, हाच तर तिथला प्रॉब्लेम. पुढे महाराष्ट्रात पैठण, येरवडा, विसापूर, मोर्शी अशी खुली कारागृहं झाली. तिथे वाट्टेल त्याला पाठवत नाहीत, आधी बंद जेलमध्ये काही काळ नीट काढावा लागतो, वागणूक बघतात, ठराविक गुन्ह्यातल्या लोकांना वगळतात. म्हणजे निबंध लिहून सोडणं वगैरे काही नाही, चाळून चाळून घेतलेली माणसं असतात. तक्रार करायचीच तर ती ही की असल्या जागा फार कमी आहेत आणि माणसं फार जास्त.

दुसरी गोष्ट जी लोकांना डाचते ती पॅरोल-फर्लो. 'खुनी माणूस सुट्टीवर घरी कसा?' हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. तर महाराष्ट्रात याला १९५९ पासून नियम आहेत, सरकारी भाषेत फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. पॅरोलला कारण लागतं, घरात मयत, गंभीर आजारपण, लग्न वगैरे. फर्लोला कारण लागत नाही, ठराविक शिक्षा भोगली आणि वागणूक ठीक असली की अर्ज करता येतो, कारण हेतूच हा की माणसाचा घराशी धागा तुटू नये, पोरांनी बापाचं तोंड विसरू नये. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरत नाहीत, म्हणजे पॅरोलवर काढलेले दिवस नंतर आत भरून द्यावे लागतात. आणि दोन्हींपैकी एकही हक्क म्हणून आपोआप मिळत नाही. अर्ज जेलमधून निघतो, मग गावच्या पोलीस ठाण्याकडून रिपोर्ट मागवतात, जामीनदार लागतो, आणि तो रिपोर्ट पुष्कळ वेळा 'सोडल्यास गावात शांतताभंग होण्याची शक्यता' अशा छापील वाक्यावर संपतो. मग नामंजूर. मग हायकोर्ट. हायकोर्टाच्या यादीत ही पॅरोल-फर्लोची प्रकरणं सतत असतात त्याचं कारण हे.

यात नेहमीचा माणूस आणि वजनदार माणूस यांच्यात फरक पडतो हे मी नाकारत नाही, उलट लोकांचा निम्मा राग त्याचाच आहे. नट किंवा पुढाऱ्याचा पोरगा पटकन रजेवर येतो आणि बाकीच्यांचा अर्ज टेबलावर वाळत पडतो, असं दिसलं की लोक चिडणारच, फक्त चिडून ते म्हणतात 'रजाच बंद करा', आणि मग मार बसतो तो ज्याचा अर्ज आधीच वाळत पडलेला त्याला. कोविडमध्ये इमर्जन्सी पॅरोलवर हजारो लोक सोडले, काही जण परतलेच नाहीत, बातम्या त्यांच्याच झाल्या, मुकाट्याने परत येऊन गेटवर हजर झाले त्यांची बातमी कशी होणार.

एक छोटी गोष्ट सांगतो जी मला या सगळ्यात सगळ्यात जास्त पटलेली आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याज, तारण काही नाही, हप्ता जेलमधल्या मजुरीतून. ऐकल्यावर पहिली प्रतिक्रिया 'आता कैद्यांना लोन पण?' अशीच येते, कबूल. पण बघा, कमावता माणूस आत गेला की घरात काय होतं? पोरीची फी, म्हाताऱ्याचं औषध, वकील. बायको सावकाराकडे जाते. आता तोच माणूस आत सुतारकाम करून घरी पैसे पाठवतोय आणि कर्ज फेडतोय, म्हणजे घरात त्याचं काहीतरी स्थान शिल्लक आहे. सुटल्यावर ज्याला जायला घर आहे तो परत गुन्ह्याकडे वळायची शक्यता कमी, हे समजायला पीएचडी लागत नाही.

नॉर्वेचा विषय निघतोच म्हणून थोडक्यात. तिथली हाल्डेनसारखी जेलं, स्वतःची खोली, स्वयंपाकघर, वर्कशॉप, फोटो व्हायरल होतात. तिथे सुटल्यावर दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास सांगतात, आणि अमेरिकेत २००५ मध्ये सुटलेल्यांपैकी दोन तृतीयांश तीन वर्षांत पुन्हा पकडले गेले. फरक मोठा आहे, पण ही तुलना जशीच्या तशी फॉरवर्ड करू नका, एकीकडे पुन्हा शिक्षा झालेले मोजलेत आणि दुसरीकडे नुसते अटक झालेले, शिवाय मुदतही वेगळी. आणि नॉर्वे म्हणजे सगळ्यांना लाड असंही नाही, ७७ माणसं मारणाऱ्या ब्रेव्हिकला २१ वर्षं दिलीत ती अशी की तो धोकादायक वाटत राहिला तर मुदत वाढवत नेता येते.

आता सुधारणेच्या बाजूचं जे लोक सोयीस्कर विसरतात ते पण सांगायला हवं. सुधारणा म्हणजे कायम दयाळूपणा असं नाही. इंग्रजांनी १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला, जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढे 'यांना सुधारायचंय' म्हणून तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, गिरण्यांत कामाला जुंपलं. सोलापूरची सेटलमेंट ही त्यातलीच, आजही त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात. पारधी, कैकाडी, भामटा अशा समाजांच्या पिढ्या त्यात गेल्या, कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर धाड हे अजून संपलेलं नाही. गुन्हा सिद्ध न करता 'तुझ्या भल्यासाठी' डांबायला लागलं की असं होतं. शिक्षेला निदान मोजमाप असतं, इतक्या गुन्ह्याला इतकी वर्षं. सुधारणेला मोजमाप नसेल तर ती शिक्षेपेक्षा वाईट.

फाशीच्या बाबतीत मात्र हे दोन्ही विचार समोरासमोर येतात. सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बचन सिंग निकालापासून 'दुर्मिळातली दुर्मिळ' केस असेल तरच फाशी, हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच निकालाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो, तो म्हणजे हा माणूस सुधारण्याची शक्यताच उरली नाही हे सरकारने दाखवायचं. बरीच वर्षं कोर्टात त्यावर कोणी फारसं बोलतच नव्हतं, गुन्ह्याच्या क्रूरतेवर पानंच्या पानं आणि माणसाबद्दल दोन ओळी. २०२२ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खालच्या कोर्टानेच आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती, जेलमधली वागणूक यांचा रिपोर्ट मागवायचा. त्यामुळे वर जाऊन फाशीची जन्मठेप होते तेव्हा पुष्कळदा ती 'कोर्टाची दया' नसते, या परीक्षेत सरकार पुरं पडलेलं नसतं.

आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याचं काय? हा प्रश्न टाळून सुधारणेवर लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. त्या घराला कोर्टात साक्षीदार म्हणून बोलावतात, पाणी विचारायला कोणी नसतं, आरोपी फर्लोवर आला तर गावातल्या कोणाकडून तरी कळतं. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, बाकीच्यांसाठी पीडित भरपाई योजना आहे, कागदपत्रं आणि हेलपाटे मात्र त्यांनीच करायचे. लोक फाशी मागतात तेव्हा पुष्कळदा त्यांना म्हणायचं असतं की आमच्याकडे कोणीतरी बघा. तिकडे बघितलं तर कैद्याला सुतारकाम शिकवण्यावरचा राग निम्म्याने कमी होईल असं मला वाटतं.

राहता राहिला सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा रस्ता. १९५८ चा प्रोबेशनचा कायदा. फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर कोर्ट दोषी ठरवूनही जेलऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली. २१ च्या आतला असेल तर न सोडण्याची कारणं कोर्टाने लिहून द्यायची. म्हणजे मोबाईल चोरणाऱ्या त्या पोरासाठी दार १९५८ पासून उघडं आहे. त्यात जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) सामुदायिक सेवा ही शिक्षा आली, पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, दारू पिऊन धिंगाणा, अब्रुनुकसानी असल्या किरकोळ गुन्ह्यांना. आता प्रश्न एवढाच की त्याला झाडू मारायला कुठे उभं करायचं, तो आला की नाही कोण बघणार आणि वकिलाने प्रोबेशनचा अर्ज टाकायची आठवण ठेवली का. तुमच्या ओळखीत कोणाचा पोरगा असल्या किरकोळ केसमध्ये अडकला असेल तर वकिलाला हे स्पष्ट विचारा, आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, कोठडीत असलेल्या कोणालाही तिथून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता.